वाघ दारात, रेल्वे वावरात, सत्याग्रह जंगलात. मग यवतमाळच्या शाळांची सहल बाहेरगावी कशाला?

फेब्रुवारी २०१९. यवतमाळ जिल्ह्यातल्या टिपेश्वर अभयारण्यात दोन-सव्वादोन वर्षांच्या एका वाघाला बेशुद्ध करून त्याच्या गळ्यात रेडिओ कॉलर बांधली गेली. कागदोपत्री त्याचं नाव टी१-सी१, म्हणजे टी-१ वाघिणीचा पहिला बछडा.

जून उजाडला आणि गडी स्वतःची हद्द शोधायला निघाला. आधी तेलंगणातल्या आदिलाबादकडे, मग परत महाराष्ट्रात, मग हिंगोली, वाशीम करत करत डिसेंबरमध्ये थेट बुलढाण्याच्या ज्ञानगंगा अभयारण्यात. तोवर १३०० किलोमीटर झाले होते. पुढची भटकंती धरली तर आकडा ३००० च्या पार जातो. तेव्हापासून सगळे त्याला 'वॉकर' म्हणायला लागले.

तो एकटाच असा नाही. डिसेंबर २०२४ मध्ये धाराशिवच्या येडशी रामलिंग घाट अभयारण्यात कॅमेऱ्यात एक वाघ दिसला आणि सगळा मराठवाडा चक्रावला. अंगावरचे पट्टे जुळवून पाहिले तर हा पाहुणापण टिपेश्वरचाच निघाला.

टिपेश्वरचे वाघ पाच-सहा जिल्हे ओलांडून जातात. पण टिपेश्वरच्या कडेच्या गावांत राहणारी किती पोरं टिपेश्वरच्या आत गेलीत?

विषय पैशांचा आहे. जंगल सफारी म्हटलं की जिप्सी, गाईड, प्रवेश शुल्क असं सगळं मिळून एका फेरीचा खर्च काही हजारांत जातो. पुण्या-मुंबईचं, नागपूर-हैदराबादचं कुटुंब तो करतं. शेतमजुरी करणाऱ्या घरातल्या पोराला गेट रोज दिसतं, आतलं जंगल मात्र दिसतं मोबाईलवर. म्हणजे आपल्याच शेजारच्या वाघाचे रील्स बघायचे.

सहल आणि शिक्षण, दोन्ही एक नाही

निसर्ग शिक्षण म्हटल्यावर डोळ्यांसमोर काय येतं? डिसेंबर-जानेवारीत दोन एसटी ठरवायच्या, पहाटे चारला शाळेसमोर जमायचं, शेगाव, चिखलदरा किंवा नागपूर करायचं आणि रात्री गाणी म्हणत परत यायचं. मजा येते, त्यात वाद नाही. पण परत आल्यावर निबंध सोडला तर हातात काही उरत नाही.

कागदावर मात्र आपल्याकडे सगळं आहे. सुप्रीम कोर्टाने २२ नोव्हेंबर १९९१ ला एम. सी. मेहता यांच्या याचिकेवर निकाल देताना पर्यावरण हा विषय शिक्षणात सक्तीचा करायला सांगितलं. विषय सक्तीचा झाला, पण शिकवला गेला चार भिंतींत. पुढे पुढे तर स्टेशनरीच्या दुकानात तयार प्रकल्प मिळायला लागले. 'पाण्याचे प्रदूषण' या प्रकल्पासाठी नदीवर जायची गरजच उरली नाही.

त्याआधीची पायरी तर आणखी भारी आहे. बालभारतीने तिसरीच्या मुलांसाठी 'परिसर अभ्यास' हे पुस्तक जिल्हावार काढलं. यवतमाळच्या पोरांना यवतमाळचं, कोल्हापूरच्या पोरांना कोल्हापूरचं. आठ वर्षांच्या पोराला आधी स्वतःचा जिल्हा कळावा, नंतर राज्य आणि देश, हा त्यामागचा विचार. पण परिसराचा अभ्यास परिसरात न जाताच झाला तर तो पाठांतराचा आणखी एक विषय होतो.

यवतमाळमध्ये हा जिवाचा प्रश्न का आहे?

कारण २०१८.

पांढरकवडा आणि राळेगावच्या पट्ट्यात दोन वर्षांत १३ माणसांचे जीव गेले आणि ते अवनी वाघिणीच्या नावावर लागले. शेतात एकट्याने जायची सोय नव्हती. गुरं चारायला कोण नेणार, संध्याकाळी बांधावर कोण थांबणार, हे घराघरातले प्रश्न होते. प्रकरण सुप्रीम कोर्टापर्यंत गेलं, देशभर गाजलं आणि २ नोव्हेंबर २०१८ च्या रात्री तिला गोळी घालण्यात आली. (इथे एक गल्लत नेहमी होते. वनखात्याच्या यादीत अवनीचा क्रमांकही टी-१ होता. पण वॉकरची आई टी-१ ही टिपेश्वरमधली, अवनी ही नव्हे.)

सोशल मीडियावर तेव्हा दोन तट पडले. एक वाघिणीच्या बाजूचा, एक गावकऱ्यांच्या बाजूचा. बरेच जण दोन्हीकडून बोलत होते ते शहरात बसून.

त्या गावांतल्या पोरांना मात्र बाजू निवडायची मुभा नाही. त्यांना तिथंच राहायचंय. आज तिसरीत असलेलं पोर दहा वर्षांनी त्याच शिवारात कापूस वेचणार आहे, त्याच जंगलात मोहफुलं आणि तेंदूपत्ता गोळा करणार आहे. वाकून किंवा बसून काम करणाऱ्या माणसावर हल्ल्याचा धोका जास्त असतो, म्हणून जंगलात जोडीने जायचं, बोलत जायचं. पहाटे आणि तिन्हीसांजेला झुडपी भागात एकट्याने फिरकायचं नाही. वाघ दिसला तर पाठ दाखवून पळायचं नाही. गावात वाघ आल्याचं कळलं की मोबाईल काढून त्याच्याभोवती गर्दी करायची नाही. शहरातल्या पोरासाठी ही जनरल नॉलेज असेल. इथल्या पोराला ती रोज लागणारी आहे.

वॉकरची गोष्टच घ्या. एवढ्या प्रवासात तो शेतांतून, नाल्यांच्या कडेने, रस्ते ओलांडत गेला. शेकडो गावांच्या जवळून गेला. दिवसा झुडपात पडून राहायचा, चालायचा रात्री. माणसाशी झटापट झाल्याचा प्रसंग आला तो हिंगोलीकडे, लोक तो बसला होता त्या झुडपाजवळ गेले तेव्हा. सहावीच्या वर्गाला जिल्ह्यांचा कोरा नकाशा देऊन हा प्रवास रेखाटायला सांगितला तर त्यात भूगोल येतो, अंतराचं गणित येतं आणि वाघ माणसाला टाळतो कसा हेही येतं.

शेजारी काय चाललंय?

शेजारच्या चंद्रपूरमध्ये ताडोबा-अंधारी व्याघ्र प्रकल्पाने 'चला माझ्या ताडोबाला' नावाचा उपक्रम सुरू केला. नावातला 'माझ्या' हा शब्द महत्त्वाचा. बफर भागातल्या गावांतल्या शाळकरी मुलांना जंगलात न्यायचं, फिरवायचं, पक्षी-झाडं-पाऊलखुणा दाखवायच्या आणि जंगल आपलंही आहे हे कळू द्यायचं, असा त्याचा गाभा. पर्यटक ज्या जिप्सीत बसतो त्यात गावातलं पोरही बसतं, ही गोष्ट दिसते तेवढी छोटी नाही. ज्या जंगलाने आपल्याला फक्त 'इथे येऊ नका' असंच सांगितलं, त्याच्याबद्दल माया वाटायची कशी?

कर्नाटकात सेंटर फॉर वाइल्डलाइफ स्टडीज या संस्थेने २०१८ मध्ये 'वाइल्ड शाळे' कार्यक्रम सुरू केला, पुढे तो महाराष्ट्रातही आला. तिथेही निवड केली ती जंगलाला लागून असलेल्या गावांतल्या शाळांची. सातपुडा फाउंडेशनने मेळघाट, पेंच, ताडोबाच्या आसपास मुलांची निसर्ग शिबिरं घेतली. म्हणजे विदर्भात हे कसं करायचं हे ठाऊक असलेली माणसं आहेत. यवतमाळला अगदी शून्यातून सुरुवात करायची नाहीये.

बरं, जंगल सोडून दाखवायचं काय?

यवतमाळची खरी गंमत इथे आहे. या जिल्ह्यात निसर्ग आणि इतिहास वेगळे काढताच येत नाहीत.

१९३० साली गांधीजींनी मिठाचा सत्याग्रह केला. किनाऱ्यावरच्या लोकांचं ठीक होतं. वऱ्हाडात समुद्र कुठून आणायचा? मग इथल्या लोकांनी विचार केला, की ब्रिटिशांनी आपलं काय काय हिसकावलंय? उत्तर समोर उभं होतं. जंगल. राखीव जंगलाच्या कायद्याने गवत कापायला, सरपण आणायला, गुरं चारायला बंदी आली होती.

१० जुलै १९३० ला लोकनायक बापूजी अणे यांनी पुसदमध्ये राखीव जंगलातलं गवत कापून कायदा मोडला. अणे मूळचे याच जिल्ह्यातल्या वणीचे. त्यांना अटक झाली, पण लोण पसरलं. २१ जुलैला यवतमाळजवळ डॉ. हेडगेवार यांनीही जंगल सत्याग्रह केला आणि तुरुंगात गेले. सप्टेंबरमध्ये तिकडे कोकणात उरणजवळच्या चिरनेरला सत्याग्रहींवर गोळीबार झाला.

हा धडा पुस्तकात दोन ओळींत संपतो. पण पुसदच्या आसपास एखाद्या जंगलाच्या कडेला वर्ग उभा करा आणि विचारा, 'इथलं गवत कापलं म्हणून तुरुंगात जावं लागलं तर?' तिथून २००६ च्या वनहक्क कायद्यापर्यंत पोरं आपणहून येतील, कारण त्यातल्या कित्येकांच्या घरात वनहक्काच्या दाव्याची फाईल असते. कोलाम, गोंड, आंध, परधान या समाजांच्या मुलांना यातलं काही नव्याने सांगावं लागणार नाही. उलट तीच वर्गाला सांगतील. कोलाम ही तर महाराष्ट्रातल्या तीन विशेष असुरक्षित आदिवासी समूहांपैकी एक. जंगलातल्या कोणत्या झाडाची साल कशाला लावतात हे कोलाम आजीला पर्यावरणाच्या पुस्तकापेक्षा जास्त ठाऊक असतं. तिला पाहुणी म्हणून बोलवा आणि मानधन द्या. फुकटात नको.

दुसरी जागा म्हणजे शकुंतला. यवतमाळ ते मूर्तिजापूर ११३ किलोमीटरची नॅरोगेज. १९०३ च्या सुमाराला सुरू झाली ती प्रवाशांसाठी नाही, कापसासाठी. वऱ्हाडातला कापूस यवतमाळहून मूर्तिजापूरला, तिथून मोठ्या लाईनने मुंबईला आणि मुंबईहून बोटीने मँचेस्टरला. मग काय झालं, तर त्याच मँचेस्टरमध्ये १९२१ साली बनलेलं वाफेचं इंजिन या लाईनवर आलं आणि १९९४ पर्यंत गाडी ओढत राहिलं. देश स्वतंत्र झाला तरी लाईनची मालकी खासगी कंपनीकडेच राहिली आणि भारतीय रेल्वे तिला भाडं देत राहिली.

आता गाडी बंद आहे. जुन्या स्टेशनवर पोरांना नेलं तर वसाहतवाद म्हणजे काय हे समजवायला फळा लागत नाही. रूळ एवढे अरुंद का? हा कापूस इथेच विणून कापड का नाही केलं? आणि आज आपल्या बापाच्या कापसाचा भाव कुठे ठरतो? शेवटचा प्रश्न अभ्यासक्रमात नाही, पण यवतमाळचं पोर तो विचारणारच. नव्या वर्धा-यवतमाळ-नांदेड ब्रॉडगेजचा वर्धा ते कळंब टप्पा फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झाला. म्हणजे जुनी लाईन आणि नवी लाईन एकाच दिवसात दाखवता येते.

तिसरी जागा पायाखाली आहे. वणीच्या पट्ट्यात जमिनीचे तीन जमाने जवळजवळ सापडतात. सिमेंटसाठी काढतात तो चुनखडक १०० कोटी वर्षांहून जुना, तिथं समुद्र होता तेव्हाचा. कोळसा साधारण २७-२८ कोटी वर्षांपूर्वीचा, दलदलीच्या जंगलांचा. आणि वर पसरलेला काळा बसाल्ट साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचा. २०२१ मध्ये झरी-जामणी तालुक्यात शिबला-पारडी भागात रस्त्याच्या कामात या बसाल्टचे षटकोनी खांब उघडे पडले. अंधेरीच्या गिल्बर्ट हिलवर आहेत तसे. चंद्रपूरचे अभ्यासक सुरेश चोपणे यांनी ते ओळखले म्हणून बातमी झाली, नाहीतर खडी होऊन गेले असते.

कोळसा ज्या खडकांत आहे त्यांना भूगर्भशास्त्रात 'गोंडवाना' म्हणतात. १९व्या शतकात हे नाव पडलं ते गोंडांच्या मुलखावरून. आज दक्षिण अमेरिका, आफ्रिका, अंटार्क्टिका जोडलेल्या प्राचीन महाखंडालाही जगभर हेच नाव आहे. झरीच्या आश्रमशाळेतल्या गोंड पोराला हे कुणी खडकावर हात ठेवून सांगितलं, तर त्याचा परिणाम मार्कांत मोजता यायचा नाही.

पण याने खरंच फरक पडतो का?

यावर एक चांगला अभ्यास अमेरिकेतला आहे. २०११ मध्ये आर्कान्सा राज्यात एक मोठं कलासंग्रहालय सुरू झालं आणि त्यांनी शाळांच्या सहली फुकट केल्या, बस आणि जेवणासकट. अर्ज इतके आले की चिठ्ठ्या काढाव्या लागल्या. संशोधकांना आयतीच संधी मिळाली. जाऊन आलेली आणि न गेलेली अशी जवळपास ११ हजार मुलं त्यांनी तपासली. जाऊन आलेल्यांना कित्येक आठवड्यांनंतरही बारकावे आठवत होते. एखादी गोष्ट पाहून तर्क करण्यात आणि जुन्या काळातल्या माणसांच्या जागी स्वतःला ठेवून पाहण्यात ती पुढे होती. आणि सगळ्यात जास्त फायदा कुणाला झाला, तर खेड्यातल्या आणि गरीब शाळांतल्या मुलांना.

तिथलं संग्रहालय आणि इथलं जंगल एक नाही, हे खरं. पण ज्याला एरवी जायला मिळत नाही त्याला नेण्याचा फायदा जास्त, हे तर्कालाही पटतं. अमेरिकेने २०१५ मध्ये चौथीतल्या प्रत्येक मुलाला राष्ट्रीय उद्यानांचा मोफत पास दिला, तोही कुटुंबासकट. आपल्याकडे जिल्हा परिषद शाळेच्या चौथीला टिपेश्वरचा एक मोफत दिवस द्यायचा म्हटलं तर खर्च फार मोठा नाही.

अडतंय कुठे?

पहिली अडचण भीती. १ फेब्रुवारी २०१६ ला मुरूडच्या समुद्रात पुण्याच्या कॉलेजची सहल बुडाली आणि १४ विद्यार्थी गेले. त्यानंतर सहलींचे नियम कडक झाले आणि ते व्हायलाच हवे होते. शिक्षण विभागाची परवानगी, पालकांचं लेखी संमतीपत्र, धोक्याच्या ठिकाणी मनाई. पण त्याचा एक परिणाम असाही झाला की, कशाला नसती जोखीम घ्या म्हणून शिक्षक सहलच टाळायला लागले. काही झालं तर हेडमास्तर अडकणार, चांगलं झालं तर कुणी विचारणार नाही. अशा हिशोबात कोण पुढे येईल?

दुसरी अडचण माणसांची. दोनशिक्षकी शाळेत एक गुरुजी चौथीला घेऊन जंगलात गेले तर उरलेल्या वर्गांचं काय?

तिसरी अडचण आपल्याच डोक्यातली. जंगलात नेलं आणि वाघ दिसला नाही तर 'फुकट गेली ट्रिप' म्हणणारे मोठे लोक आहेत, तर पोरं वेगळं काय म्हणतील? ज्या गाईडला फक्त वाघ दाखवता येतो, त्याच्यासोबत नेण्यात अर्थ नाही. विष्ठेत सापडलेले केस, झाडावरची नखांची खूण, वाळवीचं वारूळ, पळसाला बसलेली पाखरं, यावर दोन तास बोलू शकणारा वनरक्षक हवा. असे वनरक्षक असतात, त्यांना विचारावं लागतं.

वाट मात्र आहे

राष्ट्रीय शिक्षण धोरण २०२० मध्ये सहावी ते आठवीसाठी १० दिवस दप्तराविना शाळा सांगितलीय. त्याच्या मार्गदर्शक सूचना जुलै २०२४ मध्ये आल्या. महाराष्ट्रात शनिवारसाठी 'आनंददायी शनिवार' हा उपक्रम त्याच वर्षी आला. म्हणजे वेळापत्रकात जागा आहे आणि त्यासाठी वेगळी सुट्टी काढावी लागत नाही.

शैक्षणिक सहलीला एसटीच्या भाड्यात ५० टक्के सवलत आहे. पांढरकवडा, केळापूर, घाटंजीच्या शाळांना टिपेश्वर मुक्कामाशिवाय होतं. पुसद-उमरखेडच्या शाळांना पैनगंगा अभयारण्य जवळ. सहस्रकुंड धबधबाही तिकडेच, फक्त तो पावसाळ्यात लांबूनच बघायचा. वणीच्या शाळांना खडकांसाठी तालुका सोडायची गरज नाही. यवतमाळ-दारव्ह्याच्या शाळांना शकुंतलेचं स्टेशन.

आणि काही शाळांना तर एसटीही नको. गावाच्या वेशीवर वाघोबाचं ठाणं असतं, पडीक जिनिंग असतं, जुनी बारव असते. एक तास, एक वही आणि प्रत्येकाने घरून आणलेला एक प्रश्न, एवढ्यावर ते होतं.

यवतमाळच्या एखाद्या शाळेला या हिवाळ्यात टिपेश्वर करायचं असेल तर अभयारण्य पावसाळ्यात बंद असतं हे लक्षात ठेवून दिवाळीच्या आधीच वनविभागाला मुख्याध्यापकांच्या सहीचं पत्र द्यावं. पत्रात तीन गोष्टी लिहाव्यात. मुलं किती आणि कोणत्या वर्गाची. सोबत शिक्षक किती. आणि जिप्सीसोबत माहिती सांगणारा वनरक्षक मिळेल का. परवानगी मिळाली की संमतीपत्रं, मग एसटी आगारात बुकिंग. डिसेंबरात गाड्यांना मागणी वाढते, त्यामुळे ते शेवटच्या आठवड्यावर ठेवू नये.